एका नावाचे अनेक धनी

लहानपणी आम्हां पोरांमध्ये एक कोडं फार चालायचं. ‘वस्तू तुमची, पण वापरतात मात्र लोक. ओळखा पाहू!’ उत्तर : आपलं नाव. उत्तर कळलं की ‘हात्तिच्या!’ म्हणायचं आणि गोट्या खेळायला पळायचं, एवढाच त्या कोड्याचा आणि आमचा संबंध. आता वय झाल्यावर ते कोडं आठवतं तेव्हा उत्तर बरोबर वाटतं, पण प्रश्नच जरा संशयास्पद वाटायला लागतो. वस्तू तुमची? कशावरून? बारशाला आत्या कानात कुर्र करते, बायका तिच्या पाठीत बुक्के घालतात, घुगऱ्या वाटल्या जातात. आणि ज्याच्या नावाचा हा सगळा सोहळा, तो गृहस्थ त्या वेळी पाळण्यात झोपलेला तरी असतो किंवा ओला तरी. जन्मभराच्या व्यवहारात इतक्या बेसावध अवस्थेत दुसरी कुठलीही वस्तू आपण ताब्यात घेत नाही.

बरं, घेतली ती घेतली. ती आपल्या एकट्यालाच मिळाली असंही नसतं. आमच्या जुन्या वाड्यात एकाच नावाचे, एकाच आडनावाचे आणि दुर्दैवानं वडिलांच्याही एकाच आद्याक्षराचे दोन जोशी राहत. वाड्यानं आपल्या परीनं तोडगा काढला. एक वरचे जोशी, एक खालचे जोशी. पुढं वरच्या जोश्यांचे गुडघे दुखायला लागले म्हणून ते तळमजल्यावर राहायला आले, तरी वरचेच राहिले. काही वर्षांनी खालचे जोशी देवाघरी गेले. आता खरं म्हणजे तेच वरचे. पण तेराव्याला आलेल्या पाहुण्यांना वाडा सांगत होता, ‘आमचे खालचे जोशी गेले हो!’

जोश्यांचं एक ठीक आहे. फार तर मनीऑर्डर चुकते किंवा एकाच्या लग्नाची पत्रिका दुसरा उघडतो. पण नाव हेच ज्यांचं भांडवल, त्या गवय्यांनी, नटांनी आणि खेळाडूंनी काय करावं? एकाच नावाची दोन-तीन माणसं गाजायला लागली तर ते नाव कोणाचं? प्रश्न वाटतो तेवढा पोरकट नाही. न्यायाचा आहे.

घरचंच उदाहरण घ्या ना : सचिन. पहिले सचिनदेव बर्मन. त्रिपुराच्या राजघराण्यातले, जन्म १९०६ चा. बंगालीत हे नाव ‘शचीन’ असं लिहितात. शची म्हणजे इंद्राणी. तिचा धनी तो शचीन. म्हणजे मालकीचाच मुद्दा काढला तर नाव थेट इंद्राचं! बर्मनदांनी ते नाव संगीतात गाजवलं. दुसरे सचिन पिळगांवकर. बालनट म्हणून आले, १९७५ साली ‘शोले’त आणि ‘गीत गाता चल’मध्ये दिसले, पुढं दिग्दर्शक झाले. तिसऱ्याची ओळख करून द्यायची म्हणजे सूर्याला पत्ता विचारण्यासारखं आहे. मराठीचे प्राध्यापक आणि कवी रमेश तेंडुलकर हे बर्मनदांच्या संगीताचे चाहते. १९७३ साली धाकटा मुलगा झाला तेव्हा त्याचं नाव त्यांनी बर्मनदांवरून ठेवलं.

१९८८ साल मोठं गमतीचं होतं. फेब्रुवारीत आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या सामन्यात दोन शाळकरी पोरांनी ६६४ धावांची अखंड भागी केली, आणि त्याच वर्षी ‘अशी ही बनवाबनवी’ पडद्यावर आला. तेव्हा महाराष्ट्रात नुसतं ‘सचिन’ म्हटलं की साडी नेसलेला सुधीर डोळ्यांपुढं यायचा. दुसऱ्या वर्षी नोव्हेंबरात त्या दोन पोरांपैकी एक कराचीला कसोटी खेळायला उतरला, आणि बघता बघता नावाचा सातबारा बदलला. पिळगांवकरांचा काही गुन्हा होता का? नाही. तेंडुलकरांनी काही लुबाडलं का? तेही नाही. कोणी चोरी केली नाही, तरी एकाच्या घरातली वस्तू दुसऱ्याच्या घरात गेली. असल्या प्रकाराला कायद्यात कलम नाही. नीतिशास्त्रात आहे का, एवढंच मी शोधतो आहे.

पहिला न्याय एस.टी.चा. खिडकीतून ज्यानं आधी रुमाल टाकला त्याची जागा. अमेरिकेतल्या नटांच्या संघटनेचा जुना दंडक हाच : एका नावाचा एकच सभासद. मागून येणाऱ्यानं दुसरं नाव शोधावं. मायकेल फॉक्स नावाचा एक नट आधीच होता म्हणून दुसऱ्याला मध्ये ‘जे’ घालून मायकेल जे. फॉक्स व्हावं लागलं. लंडनचा जेम्स स्ट्यूअर्ट नावाचा एक देखणा पोरगा नट झाला, तर अमेरिकेत त्या नावाचा नट आधीच बसलेला. मग हा स्ट्यूअर्ट ग्रेंजर झाला. जगासाठी ग्रेंजर, पण मित्र मात्र त्याला आयुष्यभर ‘जिमी’च म्हणत राहिले. मला हे वाचून बरं वाटलं. रुमाल टाकून बाकाची जागा धरता येते, मित्राच्या तोंडातली नाही.

पण हा न्याय दिसतो तेवढा सरळ नाही. मायकेल डग्लस नावाचा एक मुलगा १९५१ साली जन्मला. नट व्हायला गेला तर मायकेल डग्लस नावाचा नट हजर. बिचाऱ्यानं नाव सोडलं आणि मायकेल कीटन झाला. आता गंमत अशी, की जो मायकेल डग्लस जागा धरून बसला होता त्याचे वडील कर्क डग्लस. आणि कर्क डग्लसांचं जन्मनाव इसूर डॅनिएलोविच! म्हणजे ज्याच्या घरात डग्लस हे आडनाव होतं त्यानं ते सोडलं, आणि ज्याच्या वडिलांनी ते बाहेरून आणलं होतं त्याच्याकडं ते राहिलं. नियमाप्रमाणं सगळं चोख. एस.टी.त भांडण होतं ते अशाच वेळी. रुमाल खरा असतो, पण पाय दुखत असतात दुसऱ्याचे.

दुसरा न्याय पैलवानाचा. जो मोठा होईल त्याचं नाव. १९९४ च्या विश्वविजेत्या ब्राझीलच्या फुटबॉल संघात दोन रोनाल्डो होते. एक वयानं आणि अंगानं थोरला, त्याचा झाला ‘रोनाल्डाव’, म्हणजे मोठा रोनाल्डो. दुसरा सतरा वर्षांचा पोरगा, तो ‘रोनाल्डिन्यो’, म्हणजे बारका. थोडक्यात, वरचे जोशी आणि खालचे जोशी! पण हा बारका असा वाढला, की काही वर्षांत रोनाल्डो म्हणजे तोच. रोनाल्डिन्यो हे नाव रिकामं पडलं, तर ते आणखी एका बारक्याला मिळालं, आणि २००२ साली हे दोघं मिळून पुन्हा विश्वचषक घेऊन गेले. तोवर पोर्तुगालमध्ये क्रिस्तियानो रोनाल्डो मोठा होत होता. त्याचं नाव वडिलांनी ठेवलं ते रोनाल्ड रेगनवरून, म्हणजे आधी नट आणि मग राष्ट्राध्यक्ष झालेल्या गृहस्थावरून. आज कुठल्याही शाळकरी पोराला रोनाल्डो विचारा, तो पोर्तुगालचाच सांगेल. पैलवानाच्या न्यायात ही एक अडचण आहे : आखाड्यात नवा पैलवान यायचा थांबत नाही. आणि तो थोरला रोनाल्डो? विश्वविजेत्या संघातला माणूस. पण त्याचं नाव सांगायचं तर आधी दुसऱ्यांची सांगावी लागतात.

आमच्या शेजारी एक वकील राहतात. ते म्हणाले, ‘तुम्ही उगाच डोकं शिणवता. क्षेत्रं वेगळी असली की भांडण नाही. एकाच नावाचा साबणही असतो आणि बिडीही असते.’ म्हटलं, खरं आहे. इंदूर घराण्याचे उस्ताद अमीर खाँ गवई, १९७४ साली गेले. आमिर खान नट. आणि ब्रिटनचा अमीर खान मुष्टियोद्धा, २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये सतराव्या वर्षी रौप्यपदक मिळवलेला. तिघांचं एकमेकांशी काही वाकडं नाही. पण परवा संध्याकाळी नातवाच्या फोनला मी तोंडानं सांगितलं, ‘अमीर खाँसाहेबांचा मारवा लाव.’ फोननं क्षणभर विचार केला आणि पडद्यावर दोन माणसं एकमेकांना ठोसे मारायला लागली. मारव्यात षड्जाला फार वेळ दूर ठेवतात हे मला माहीत आहे, पण इतकं दूर नाही. वकिलांचा न्याय माणसांना पुरतो; यंत्राला क्षेत्र कळत नाही, त्याला फक्त गर्दी कळते.

तेव्हा मला आपल्या गंधर्वांची आठवण झाली. नारायणराव राजहंस हे बालगंधर्व. रामभाऊ कुंदगोळकर हे सवाई गंधर्व. शिवपुत्र कोमकळी हे कुमार गंधर्व. सौदागर गोरे हे छोटा गंधर्व. बाल, छोटा, कुमार आणि सव्वापट. एका घरातली भावंडं मोजावीत तसे! गंधर्व म्हणजे इंद्राच्या दरबारातले गायक, तेव्हा या नावाचाही सातबारा तिकडंच निघायचा. पण कोणी रुमाल टाकला नाही, कोणी कुस्ती मागितली नाही. बालगंधर्व ऐंशीच्या घरात पोचले तरी बालच राहिले आणि कुमारांना त्याचा काही उपसर्ग झाला नाही. कारण तिथं नाव ही मालमत्ता नव्हती. दुसऱ्यांनी कौतुकानं हातात ठेवलेली वस्तू होती. एकाला दिली म्हणून दुसऱ्याची कमी झाली नाही.

मला वाटतं, नाव हे शेजारणीच्या वाटीसारखं आहे. शेजारून वाटीभर साखर आली तर आपल्याकडं वाटी रिकामी परत जात नाही. चार वड्या, लोणच्याची फोड, काही नसेल तर चिमूटभर साखर. पण काहीतरी घालूनच वाटी परत जाते. वाटी आपली नव्हे हे ठाऊक असतं, म्हणूनच ती भरायची असते. आजच्या पाकिस्तानात एका बापानं बडे गुलाम अली खाँसाहेबांवरच्या भक्तीनं पोराचं नाव गुलाम अली ठेवलं. ते पोर पुढं त्याच खाँसाहेबांकडं शिकलं आणि गझल गायला लागलं. वाटी भरून परत. प्राध्यापक तेंडुलकरांनी बर्मनदांकडून एक वाटी आणली होती. ती वांद्र्याच्या घरून कशी परत गेली ते आपण सगळ्यांनी पाहिलं. ‘वाटी कोणाची?’ यावर भांडण करण्यात अर्थ नाही. ‘वाटीत काय घातलंत?’ हा खरा प्रश्न.

इथं लेख संपवला असता तर बरा दिसला असता. पण आमच्या गल्लीत एक सचिन आहे, तो संपवू देत नाही. हा वायरमन. १९८९ पासून २०१३ पर्यंत, म्हणजे तिकडं तो रिटायर होईपर्यंत, इकडं याला एकच वाक्य ऐकावं लागलं : ‘काय सचिन, तू इथं? मग तिकडं बॅटिंग कोण करतंय?’ तेंडुलकरांनी शंभर आंतरराष्ट्रीय शतकं केली. हा विनोद ऐकण्याचं शंभरावं शतक याचं त्याआधीच झालं असावं. तिकडं सचिन नव्वदीत बाद झाला की इकडं लोक याच्याकडं रागानं बघायचे. एकदा आमचा पंखा खाली उतरवताना शिडीवरूनच तो म्हणाला, ‘काका, लोक हाक मला मारतात, पण बघतात त्याच्याकडं.’

या वाक्यावर माझी वाटी पालथी पडली. वाटीत काय घातलंस, हे या माणसाला विचारणार कोण? त्यानं घातलेली चिमूटभर साखर दुसऱ्याच्या ढिगात दिसणार कुठून? भरणाऱ्याचं कर्तव्य मी सांगून बसलो होतो; पण नाव वापरतात लोक. तेव्हा थोडं कर्तव्य त्यांच्याकडंही लागतं. हाक मारली की ज्याला मारली त्याच्याकडं बघावं, एवढंच.

मध्यंतरी पावसात रात्री दोन वाजता आमच्या इमारतीची वीज गेली. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी प्राणवायूच्या यंत्रावर. जिन्यात एकच ओरडा झाला, ‘सचिनला बोलवा! सचिन आला का?’ सचिन आला. भिजलेला, दातांत टॉर्च धरून मीटरबॉक्समध्ये डोकं घालून पाऊण तास उभा होता. सगळी इमारत त्याच्याकडं बघत होती. बॅटिंग कोण करतंय, असं त्या रात्री कोणी विचारलं नाही.

आजींनी जन्मात क्रिकेट बघितलेलं नाही. परवा टीव्हीवर तेंडुलकरांची मुलाखत लागली होती. खाली मोठ्या अक्षरांत नाव आलं. आजींनी चष्मा पुसला, परत वाचलं आणि सुनेला विचारलं, ‘हा कुठला गं सचिन? आपला तर वायरमन आहे ना?’