शब्दाचा पहिला धनी

सरकारी कारकुनाच्या हातून आयुष्यात सर्वांत अधिक वेळा कोणता शब्द लिहिला जातो, असे कोणी विचारले तर आम्ही 'प्रति' असे उत्तर देऊ. इंग्रजी पत्रव्यवहारात त्याचेच नाव 'टू'. तेव्हा गेल्या पावसाळ्यात कचेरीतील पत्रांचे मसुदे संगणकाकडून आपोआप तयार करवून घ्यावेत म्हणून आम्ही एक्सेलच्या पोटातील व्हिज्युअल बेसिक भाषेत एक लहानशी आज्ञावली लिहावयास बसलो, आणि ज्यास पत्र जावयाचे त्याचे नाव साठविण्याच्या पेटीस मोठ्या सहजतेने 'टू' असे नाव दिले. यंत्राने ती ओळ लाल केली. आम्ही पेटीचे नाव बदलून पाहिले नाही. ओळच तीन वेळा पुन्हा लिहिली. आपला नित्याचा शब्द चुकीचा असेल अशी शंका कारकुनास येत नाही.

कारण कळले तेव्हा हसू आले. त्या भाषेत 'एकापासून दहापर्यंत मोज' असे सांगताना 'पर्यंत' या अर्थी 'टू' हा शब्द आधीच कामास लावलेला आहे. म्हणून तो दुसऱ्या कोणास मिळत नाही. 'टाइप', 'नेक्स्ट', 'लूप' यांचीही तीच गत. यांना राखीव शब्द म्हणतात. प्रत्येक संगणकीय भाषेत असे काही शब्द असतात. कोबोलसारख्या कचेरीच्या कामासाठी निघालेल्या भाषेत तर ते शेकडो आहेत. मग आम्ही पेटीस रोमन अक्षरांत 'प्रति' हेच नाव दिले आणि काम निमूटपणे पार पडले. मराठी शब्द त्या दुनियेत कोणी राखून ठेवलेले नाहीत. या मोकळीकीचा आनंद मानावा की खेद, हे आम्हांस अजून ठरविता आलेले नाही. कारण ज्या घरात आपले कोणीच राहात नाही, तेथे आपल्या नावाची अडचण होण्याचा प्रश्नच येत नाही.

गोष्ट एवढ्यावर संपली असती तर हा लेख लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु झाशीहून बरुआसागरास परतताना, आणि पुढे कित्येक संध्याकाळी तलावाच्या बांधावर बसलेले असताना, एक प्रश्न आमच्या मनात घोळत राहिला. दोघांना एकच शब्द हवा असेल, तर तो कोणी सोडावा? आणि ज्याने सोडला, त्याचे काही जाते की नाही?

पहिले उत्तर कोणीही देईल : जो आधी आला त्याचा हक्क. आपल्या घरांतून हा न्याय पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. सून घरात आली, आणि सासूचे किंवा थोरल्या जावेचे नाव तेच निघाले, तर नाव सुनेचे बदलावयाचे. तसा योग नसला तरीही ताटातील तांदळांत अंगठीने नवे नाव लिहिण्याची चाल होतीच. आम्ही ज्या जिल्ह्यात राहतो, त्याचे नाव ज्या स्त्रीमुळे जगास ठाऊक झाले, ती 1842 साली गंगाधररावांशी विवाह होईपर्यंत मणिकर्णिका होती. लक्ष्मीबाई हे नाव सासरचे. पुढे 1853 च्या नोव्हेंबरात, मरणशय्येवरील गंगाधररावांनी आनंदराव नावाचा मुलगा दत्तक घेतला, तेव्हा त्यासही नवे नाव मिळाले : दामोदरराव. हे नाव राणीच्या पोटच्या, काही महिन्यांतच दगावलेल्या मुलाचे. म्हणजे एका मुलाने आपले नाव सोडले आणि दुसऱ्याची रिकामी झालेली जागा भरली. शास्त्राने ते नाव मान्य केले. कंपनी सरकारच्या दप्तराने वारस म्हणून ते मान्य केले नाही, आणि 1854 साली झाशी खालसा झाली. एकाच नावास एका वहीत अर्थ असावा आणि दुसऱ्या वहीत नसावा, याचे याहून कडू उदाहरण आमच्या आसपास दुसरे नाही.

आमच्या आजोबांचे नाव तुळशीराम होते. त्यामुळे आजी तुळशीस कधी तुळस म्हणाली नाही. ती 'वृंदा' म्हणे. बाजारात वैद्याकडे काढ्याची पाने मागावयाची झाली, तरी 'अंगणातल्या झाडाची पाने' असा वळसा घेई. लहानपणी आम्हांस याची गंमत वाटे. आज वाटते की राखीव शब्दाचा सर्व व्यवहार तिला आमच्यापूर्वी पुरता ठाऊक होता : शब्द कोणासाठी राखला आहे, त्यास न दुखविता अर्थ कसा पोचवावा, आणि हा वळसा दरवेळी आपणच का घ्यावा हे न विचारणे. आजोबांना आजीच्या नावाची अशी कोणतीच अडचण नव्हती; ते तिला नावाने हाक मारीतच नसत, ही गोष्ट निराळी.

या प्रश्नाचा शास्त्रीय विचार आपल्याकडे फार पूर्वी झाला आहे, हे सांगितल्यावाचून राहवत नाही. पाणिनीस व्याकरणाचे नियम संस्कृतातच सांगावयाचे होते आणि ते नियमही संस्कृतासाठीच होते. म्हणजे वर्णन करणारी भाषा आणि वर्णिली जाणारी भाषा एकच, तंटा अटळ. त्याने दोन मार्ग काढले. काही ठिकाणी 'टि', 'घु', 'भ' अशा व्यवहारात कोणी न वापरणाऱ्या खुणा स्वतः घडविल्या, म्हणजे कोणाचा शब्द घेतल्याचा बोलच नको. काही ठिकाणी मात्र 'गुण', 'वृद्धि' असे लोकांचे चालते शब्द उचलले. पण उचलताना ते आपण कोणत्या अर्थी घेत आहोत हे सूत्राने जाहीर केले. शिवाय अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायातील पहिल्या पादात 68 वे सूत्र असे आहे, की व्याकरणात शब्द आला तर तो स्वतःचे रूपच दाखवितो, मात्र तो शास्त्राने ठरविलेली संज्ञा असेल तर नव्हे. राखीव शब्दांविषयीचा इतका नेटका नियम आम्हांस दुसरीकडे आढळला नाही. त्यातील सचोटी आम्हांस विशेष वाटते. शब्द घ्या, पण घेतल्याचे सांगून घ्या.

उलट टोकाची युक्तीही करून पाहिली गेली आहे. 1957 साली निघालेल्या फोर्ट्रान भाषेत एकही शब्द राखीव नव्हता. 'जर' या अर्थाचा शब्द हाच पेटीचे नाव म्हणूनही चाले, आणि तो कोणत्या अर्थी आला आहे हे भोवतालच्या मांडणीवरून यंत्राने ओळखावे अशी योजना होती. हे ऐकावयास उदार वाटते. परंतु यंत्र ओळखी, तरी पुढे ते लिखाण वाचणाऱ्या माणसाच्या डोक्यास ताप होई. सर्वांना सर्व मोकळे ठेवले की ओझे वाचणाऱ्यावर पडते, हे टिपणी वाचणाऱ्या कोणत्याही कारकुनास पटेल.

तिसरा एक मार्ग आम्हां परप्रांतीय मराठी माणसांच्या परिचयाचा आहे. 1993 साली आलेल्या ॲपलस्क्रिप्टमध्ये प्रत्येक कार्यक्रमाचा आपला शब्दकोश असतो. 'आता अमक्याशी बोलतो' असे आधी सांगावयाचे. मग त्या कंसातील शब्दांचा अर्थ तो अमका करील तसा. अर्थात येथेही टक्कर होतेच, आणि आपला शब्द आपल्याच अर्थाने हवा असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंस उभ्या रेघा ओढाव्या लागतात. आमचा मुलगा पहिलीत असताना एकदा घरी येऊन आनंदाने म्हणाला, की गुरुजींनी सांगितले, 'सबको शिक्षा मिलनी चाहिए.' त्याची आजी दचकली. 'कोणता अपराध केला रे मुलांनी?' हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, आमच्या स्वयंपाकघरात शिक्षा म्हणजे दंड. चेष्टा, यंत्रणा, संसार, राग... उंबरठा ओलांडला की अर्थ पालटतो. आमच्या घराण्याच्या पाच पिढ्या या उंबरठ्यावर उभ्या आहेत. येथे कोणी कोणाचा शब्द हिरावला नाही. आपण कोणत्या घरात उभे आहोत याचे भान ठेवले की पुरते. मात्र भान दोन्हीकडचे ठेवावे लागते ते आम्हांस. ज्यास एकच घर आहे, त्यास त्याची गरज पडत नाही.

आता ज्या प्रसंगाने हा प्रश्न आमच्यापुरता विनोदाचा राहिला नाही, तो सांगतो. एका कचेरीत (तिचे नाव सांगण्याचे कारण नाही) जुन्या प्रकरणांस विभागाची तीन रोमन अक्षरे आणि पुढे आकडा अशी खूण होती. मरम्मत विभागाची अक्षरे 'एम, ए, आर'. पुढे या याद्या एक्सेलमध्ये उतरविल्या गेल्या, आणि मरम्मत 12 चा झाला 12 मार्च. मरम्मत 7 चा 7 मार्च. यंत्रास वाटले, ही तारीख आहे. त्याने ओळ लाल केली नाही, की काही विचारलेही नाही. 'टू' लिहिताना आम्हांस जी अडवणूक त्रासदायक वाटली होती, तिचे मोल त्या दिवशी कळले.

कुटुंबनिवृत्तिवेतनासाठी एक वृद्ध बाई तीनदा आली. तलावापलीकडच्या खेड्यातून पायी फाट्यापर्यंत, तेथून बसने झाशी. तिन्ही वेळा आम्ही खूण घालून यादी शोधली आणि तिन्ही वेळा सांगितले, 'अम्मा, आपका केस सूची में नहीं है.' आमच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. यादीत नाही म्हणजे नाही, एवढीच आमची खात्री होती. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, 'बाबूजी, आदमी तो था.' त्या दिवशी संध्याकाळी आम्ही शोधयंत्र बाजूस ठेवून ओळीमागून ओळ डोळ्यांनी वाचली, तेव्हा मार्च महिन्यातील एका दिवसाच्या आड तिचा नवरा सापडला.

हा केवळ आमच्या कचेरीचा निष्काळजीपणा नव्हे, हे नंतर वाचनात आले. मानवी जनुकांपैकी काहींची संक्षिप्त नावे 'मार्च 1', 'सेप्ट 1' अशी होती. एक्सेलने त्यांच्याही तारखा केल्या. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, एक्सेलमधील जनुकयाद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे पाचव्या हिश्शात असा दोष आढळला. अखेर 2020 साली जनुकांस नावे देणाऱ्या समितीने जनुकांचीच नावे बदलली : 'मार्च 1' चे 'मार्चएफ 1' झाले आणि 'सेप्ट 1' चे 'सेप्टिन 1'. तारखेत रूपांतर करू नये असे सांगण्याची सोय एक्सेलमध्ये 2023 साली आली. माणसाच्या पेशीतील वस्तूने हिशेबाच्या कागदासाठी नाव सोडले आणि कागदाने वाट सोडली ती तीन वर्षांनी, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे.

यावरून 'जो आधी आला त्याचा हक्क' हा न्याय यंत्राच्या दुनियेतही पाळला जात नाही, असे दिसते. पायथन भाषेत 'एसिंक' हा शब्द लोक कित्येक वर्षे आपल्या कामास वापरीत होते. 2018 साली भाषेने तो स्वतःसाठी राखला, आणि ज्यांनी तो आधी वापरला होता त्यांनाच आपली लिखाणे दुरुस्त करावी लागली. येथे आधी आलेला हलला. हलतो तो बहुधा ज्यास हलविणे स्वस्त पडते तो : सून, दत्तक मुलगा, मरम्मत विभाग. तरीही त्याच भाषेने 2021 साली 'मॅच' हा शब्द घेताना तो केवळ ठराविक जागीच राखीव ठेवला, इतरत्र ज्याचा त्यास राहू दिला. म्हणजे दुसऱ्याच्या अंगणातून जाताना जोडे काढता येतात. त्यासाठी थोडे अधिक कष्ट मात्र घ्यावे लागतात. कष्ट कोणाचे, एवढाच वाद उरतो. आमच्या मते ते शब्द राखणाऱ्याचे असावेत. ज्याच्या हाती नियम करणे आहे त्याने अडविताना स्पष्ट अडवावे, आणि गुपचूप अर्थ पालटण्याचा अधिकार कोणासही नसावा. यास कोणी कारकुनी न्याय म्हणेल. म्हणोत.

प्रकरण मंजूर झाले. यादीतील खूण आम्ही बदलली. आता मरम्मतीस 'एम, आर, एम' अशी अक्षरे आहेत, ज्यांस कोणताही महिना आपला म्हणत नाही. बाई कागद घ्यावयास आली तेव्हा तिने त्यावर बोट ठेवले. तिला वाचता येत नव्हते. परंतु नवऱ्याच्या लोखंडी पेटीवर रंगविलेली तीन अक्षरे तिने तीस वर्षे पाहिली होती आणि त्यांचा आकार तिला पाठ होता. 'ये वो नहीं है,' ती म्हणाली. आम्ही तिला यंत्राची, महिन्याची, तारखेची सर्व हकीकत सांगू लागलो आणि मध्येच थांबलो. मग तिच्या प्रतीवर नव्या खुणेशेजारी जुनी खूण शाईने लिहिली, सही केली, आणि कागद तिच्याकडे सरकविला.