गिलावा निकृष्ट निघाल्यास पैसे कोणाचे अडवावे?

घराची दुरुस्ती ठेक्यानें दिली, गिलावा झाला, आणि महिनाभरांत भिंतीचे पोपडे सुटूं लागले, तर मालकानें काय करावें? कित्येक म्हणतात, गरिबाच्या पोटाचा प्रश्न आहे, गप्प बसून ठरलेले पैसे द्यावे. दुसरे म्हणतात, एक पैसाही देऊं नये. हीं दोन्ही उत्तरें आम्हांस चुकीचीं वाटतात.

प्रथम दोष खरा आहे काय, हें पाहावें. भिंतीवर टकटक केली असतां पोकळ आवाज आला, तर गिलाव्यानें भिंत धरलेली नाहीं असें समजावें. केसासारख्या बारीक भेगा पुष्कळदां नुसत्या सुकण्यानेंही पडतात. तेवढ्यावरून काम वाईट ठरत नाहीं.

मग दोष कोणाचा, हें शोधावें. मातकट वाळू, सिमेंटाची चोरी, भिंत न भिजवतां केलेलें काम, हा ठेकेदाराचा अपराध होय. परंतु गिलाव्यावर निदान ७ दिवस पाणी मारावें लागतें. तें काम मालकानें स्वतःकडे घेऊन केलें नसेल, तर दोष त्याचा. तसेंच १ भाग सिमेंटास ४ भाग वाळू पाहिजे तेथें ८ भाग घालण्यावांचून गत्यंतर राहूं नये, इतका दर ज्यानें पाडला, त्यानेंही आपल्या मनास विचारावें.

दोष ठेकेदाराचा ठरल्यावर गप्प बसणें ही दया नव्हे. तोच मनुष्य उद्यां एखाद्या विधवेच्या घरीं तसाच गिलावा करील, व आमच्या मौनाची किंमत ती भरील. उलट, सर्वच पैसे अडविले, तर ठेकेदार आपला तोटा बिगाऱ्यावर ढकलतो. बिगाऱ्यानें तर जितकें सिमेंट मिळालें तितकेंच कालविलें. त्याचा दिवस भरला, तेव्हां मजुरी त्याची झाली.

म्हणून वाचकहो, आमचें सांगणें असें. ठेकेदारास चारचौघांत न हिणवतां भिंतीपाशीं नेऊन दोष दाखवावा. पोकळ भाग फोडून पुन्हां करण्यास मुदत द्यावी व ती लिहून ठेवावी. चांगल्या कामाचे पैसे ताबडतोब द्यावे, मजुरांस मजुरी मिळाली कीं नाहीं हें विचारावें, आणि वाईट भागापुरतेच पैसे राखावे. इतकें करूनही तो ऐकत नसेल, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वयें आपल्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे २ वर्षांच्या आंत तक्रार करतां येते. दिलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास तीस फी पडत नाहीं.

जितका दोष तितकीच कपात, आणि ज्याचा दोष त्याच्याकडूनच. ह्याहून अधिक घेणें हा लोभ होय. आणि बिगाऱ्याच्या मजुरींतून घेणें तर उघड अन्याय होय.