पांडू, मामा आणि साहेब

नंदुरबारच्या गेल्या मोर्चात आपल्यातल्याच एका पोराने बंदोबस्तावरच्या शिपायाला ‘ए पांडू’ अशी हाळी दिली. सगळे हसले. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. तो शिपाई आपल्याच वस्तीतला. त्याचा बाप आणि माझा बाप एकाच मुकादमाच्या टोळीत गुजरातेत ऊस तोडायला जायचे. संध्याकाळी तो टपरीवर भेटला. जयभीम घातला, चहा सांगितला, आणि म्हणाला, "मी पांडू, बरं भाऊ. आमच्या मोठ्या साहेबाला काय म्हणता तुम्ही?"

मी गप्प. निवेदन देताना मीच चारदा ‘साहेब, साहेब’ केलं होतं.

तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय. पोलिसासाठी आपल्याकडे शब्द किती! शिपाई, हवालदार, जमादार, फौजदार ही सगळी जुन्या फारसी दरबारातून आलेली बिरुदं. फौजदार म्हणजे एकेकाळी फौज बाळगणारा सरदार. जमादार इकडे काठीवाला, तर उत्तरेत तोच शब्द झाडूवाल्याला. मग लोकांचे शब्द : मामा, पांडू. दिल्लीकडे ठुल्ला. २०१५ साली तिथल्या मुख्यमंत्र्याने तो शब्द वापरला आणि प्रकरण कोर्टात गेलं. पांडू म्हणजे पांडुरंगाचा मोडून केलेला. दादा कोंडक्यांचा ‘पांडू हवालदार’ १९७५ चा. गरिबाचं नाव असंच मोडतात. धोंडिबाचा धोंड्या होतो, रामाचा राम्या. हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

आणि मामा? आपल्या सातपुड्यात, पलीकडे निमाडात, मामा म्हटलं की टंट्या भिल आठवतो. इंग्रजांच्या पोलिसांना वर्षानुवर्षं झुलवणारा, १८८९ साली फाशी गेलेला टंट्या मामा. त्याच नात्याने आपण हेल्मेट नसलं की चौकातल्या शिपायाला आळवतो, "जाऊ द्या ना मामा."

आता नीट बघा. हे हिणवणारे, लाडीगोडीचे शब्द कुणाला लागतात? तळच्याला. एस्पीला कुणी पांडू म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही. मान वर चढत जातो, तिरस्कार खाली उतरत जातो. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं ती हीच, आणि आपण मोर्चात निळा झेंडा धरून तीच बोलतो.

माझ्या आज्याने महारकी केली. गावात फौजदार आला की घोड्यापुढे धावायचं, चोराचा माग काढायचा, बेवारस प्रेताची राखण करायची, सांगावा घेऊन तालुक्याला जायचं. पोलिसांचा अर्धपोटी पोलीस तोच. त्याला हाक काय? ‘ए महारा.’ बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतनाविरुद्ध बिल आणलं. वतनं गेली १९५८ च्या कायद्याने. हाक मात्र जायला तयार नाही, ती आता आपल्या तोंडात बसलीय.

पोरं म्हणतील, ज्याच्या काठीने डोकं फुटलं त्याला अहोजाहो करायचं? नाही बाबांनो. राग खराच आहे. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात गोळीबारात आपली दहा माणसं मेली. पण तिथं पांडू म्हणून काय हाती लागलं असतं? तिथं लागतं नाव, हुद्दा, आणि हुकूम कुणी दिला ते. २००९ साली सत्र न्यायालयाने राखीव पोलिसांच्या अधिकाऱ्याला दोषी धरलं, ते नावानिशी. पांडूवर खटला चालत नाही.

डी. के. बसू खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९९६ सालीच सांगितलंय की अटक करणाऱ्याच्या छातीवर नाव आणि हुद्दा स्पष्ट दिसला पाहिजे. आता २०२४ पासूनच्या नव्या संहितेतही ते आहे. म्हणजे ते नाव वाचणं हा आपला हक्क. आणि ते आपल्याला काय लिहितात? ‘सदर इसम.’ इसम हा मूळ अरबी शब्द, अर्थ ‘नाव’. ठाण्याच्या मराठीत ‘अनोळखी इसम’ म्हणजे ज्याचं नावच माहीत नाही असा माणूस. नाव काढून घ्यायची ही हातोटी त्यांची. आपण का उचलावी?

त्या पोराला मी हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मग दादा, ओरडायचं काय? पाटी वाचेपर्यंत काठी बसते." यावर मला उत्तर सुचलं नाही. मी एवढंच म्हटलं, की त्या शिपायाला साहेब नको, मामाही नको, आडनाव घेऊन हाक मार. आणि निवेदन देताना मीही ‘साहेब’ गाळून बघतो. जीभ अडखळणार, हे मला आत्ताच माहीत आहे.

पुढच्या सोमवारी परत मोर्चा आहे. त्याची ड्युटी त्याच चौकात लागलीय.