दिंडीतला टाळ आणि आपलेपणाचा प्रश्न

समुदायाशी असलेले नाते श्रद्धेतून जन्मते की सामूहिक आचारातून, हा धर्मचिंतनातील जुना प्रश्न वारकरी परंपरेत संगीताच्या अंगाने तपासता येतो. कारण दिंडीत, म्हणजे विणेकऱ्याभोवती बांधल्या गेलेल्या भजनी समूहात, नव्याने आलेल्याला त्याचे तत्त्वज्ञान विचारले जात नाही, त्याच्या हाती टाळ येतो आणि टाळाच्या तालावरची पावली जमली की तो दिंडीचा होतो. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात शिस्त घालून दिलेल्या ज्ञानेश्वर पालखी सोहळ्यात, मुक्कामी समाजआरतीच्या वेळी, सोहळ्याची व्यवस्था राखणाऱ्या चोपदाराने दंड उंचावताच सारे टाळ थांबतात; मात्र ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवतच राहते, आणि चोपदार जवळ जाऊन तिचे गाऱ्हाणे ऐकून घेतो. एकसुरात गाणाऱ्या समूहाने मतभेदाचा हक्कही टाळातच राखावा, हे विलक्षणच म्हटले पाहिजे.

तथापि सहगायनातून समता आपोआप उतरते, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. महार समाजातील संत चोखामेळ्याचे अभंग वारकऱ्यांच्या ओठी शतकानुशतके असूनही, ज्यांना अस्पृश्य मानले गेले त्यांच्यासाठी पंढरपूरचे मंदिर खुले होण्यास १९४७ साल उजाडावे लागले, आणि तेही साने गुरुजींनी प्राण पणाला लावून उपोषण केल्यावर. शिवाय, तेच अभंग गात एकाच वाटेने चालणाऱ्या ब्राह्मण आणि मराठा वारकऱ्यांच्या पंगती वेगळ्याच बसत, याची अस्वस्थ नोंद मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी ‘वाटचाल’ या लेखात केली आहे.