न भेटणाऱ्याचे देणे

ज्याची आणि आपली कधी भेट होणार नाही, अशा माणसाचे आपण काही देणे लागतो काय? हा प्रश्न सहसा जंगले, नद्या, पुढच्या पिढ्या अशा मोठ्या विषयांच्या संदर्भात विचारला जातो. तो पाव इंच जाडीच्या एका दांडीच्या संदर्भातही विचारता येतो, आणि तेथे तो अधिक अडचणीचा होतो.

१९६४ मध्ये अमेरिकेत फोर्ड मस्टँग ही मोटार आली. तिच्या आरंभीच्या वर्षांतील अनेक गाड्यांना २८९ घनइंचांचे आठ सिलिंडरचे इंजिन असे. हौशी मंडळी ही इंजिने आजही सुटी करून नव्याने बांधतात. यात तेलाचा पंप तळाशी असतो आणि त्याला गती मिळते ती वरच्या डिस्ट्रिब्युटरकडून. दोहोंमधला दुवा म्हणजे पोलादाची एक बारीक षट्कोनी दांडी. तिच्या वरच्या टोकाजवळ एक लहानशी कडी असते. या कडीमुळे दांडी वरून घालता येत नाही. तळ उघडा असतानाच ती पंपाबरोबर खालून बसवावी लागते. कडीची जागाही पाहून ठरवावी लागते. दांडी डिस्ट्रिब्युटरच्या खोबणीत पूर्ण बसली की कडी क्रँककेसच्या छताला टेकली पाहिजे. पंप सहज बसला नाही तर बोल्ट आवळून तो दाबायचा नसतो, दांडी किंचित फिरवून पुन्हा बसवायची असते. मग चेंबर लावले की हे सारे दृष्टीआड होते.

विशेष असे की, इंजिन चालण्यासाठी ही कडी काहीच करीत नाही. ती नसली तरी पंप फिरतो, तेलाचा दाब बरोबर दिसतो, गाडी हजारो मैल धावते. कडीचे काम पडते ते पुढे कधीतरी दुसरा कोणी मिस्त्री डिस्ट्रिब्युटर वर उचलतो तेव्हा. तेलाने चिकटलेली दांडी त्याबरोबर वर येऊ पाहते आणि कडी तिला अडवते. कडी नसेल तर दांडी निसटून चेंबरमध्ये पडू शकते. मिस्त्रीच्या ध्यानात आले तर चेंबर उतरवण्याचा खटाटोप. ध्यानात आले नाही तर इंजिन तेलाच्या दाबावाचून सुरू होते आणि बेअरिंगे पाहता पाहता निकामी होतात. दोष मात्र त्याच्याच माथी येतो.

पायाच्या दगडाचे कौतुक आपल्याकडे पुष्कळ झाले आहे. पण पायाचा दगड निदान भार वाहतो. तो कच्चा निघाला तर बांधणाऱ्याला जाब द्यावा लागतो. कडी वगळणाऱ्याला जाब विचारणारा कोणी नाही. मालक संतुष्ट, इंजिनही सुरळीत. निष्काम कर्माचा आदर्शही येथे एकटा पुरत नाही. फळाची आस सोडावी हे तो सांगतो, परंतु काम नेमके कोठे संपते, हा प्रश्न उरतोच. इंजिन चालू झाले की काम संपले, असे मानणारा मनुष्यही निरिच्छ असू शकतो.

मला वाटते, उत्तर आपल्या ऋणकल्पनेत आहे. परंपरेने ऋषिऋण अध्ययनाने आणि अध्यापनाने फेडायला सांगितले, पितृऋण संततीने. घेतले मागच्यांकडून, द्यायचे पुढच्यांना. जुने इंजिन खोलणाऱ्याला डिस्ट्रिब्युटर निर्धास्तपणे उचलता येतो, कारण साठ वर्षांपूर्वी एका अनोळखी हाताने कडी बसवलेली असते. त्या हाताचे उपकार परत करण्याची सोय नाही. म्हणूनच ते पुढे द्यायचे.

यावर कोणी विचारील, ज्याच्या वाट्याला कडी नसलेले इंजिन आले त्याने कोणाचे ऋण फेडायचे? हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. अशा माणसाला मिळाले काहीच नाही, उलट दुसऱ्याच्या हलगर्जीपणाची किंमत त्याने मोजली. हिशेबाने पाहिले तर तो मोकळा आहे. पण एक गोष्ट त्याच्याजवळ इतरांपेक्षा अधिक आहे. कडी नसल्याने काय होते, हे त्याला ऐकून नव्हे, भोगून ठाऊक आहे. एवढे ठाऊक असताना त्याने दांडी तशीच बसवली, तर पहिल्याच्या बाबतीत निदान अज्ञानाची सबब असू शकेल, याच्या बाबतीत तीही उरत नाही. आणि त्याने कडी बसवली, तर फेड म्हणून नव्हे, ऋणाची ती परंपरा त्याच्यापासून नव्याने सुरू होते.