फोनचं दुसरं टोक

परवा सकाळी नऊच्या सुमारास मी श्रीरामपुरात बेलापूर रस्त्याच्या कडेला रिक्षाची वाट बघत उभी होते. रस्त्यावर नेहमीची घाई होती. दुधाच्या किटल्या अडकवलेल्या मोटारसायकली, शाळेच्या मुलांनी भरलेल्या रिक्षा, मध्येच कारखान्याकडे निघालेला उसाचा ट्रॅक्टर. वाहतूक पोलिसांनी एका तरुणाला बाजूला घेतलं. त्याची मान वाकडी झाली होती. कान आणि खांदा यांच्यामध्ये फोन दाबून तो गाडी चालवत होता. हवालदारांनी लायसन पाहिलं, ‘एमएच १७’च्या पाटीवरचा नंबर मशीनमध्ये घातला आणि चलन केलं. कुठे आवाज चढला नाही. तेवढ्यात त्याचा फोन पुन्हा वाजला. स्क्रीनवर नाव होतं, ‘आई’. पोरगा ओशाळला. हवालदार म्हणाले, “घे बाळा, आता बोल. आता उभा आहेस ना.” आईने एवढंच विचारलं असावं, पोहोचलास का. कारण तो म्हणाला, “नाही गं आई, अजून वाटेतच आहे.”

कायद्यात ही गोष्ट आता अगदी स्पष्ट लिहिलेली आहे. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. गाडी चालवताना फोन हातात धरून वापरणं हे कलम १८४ खाली धोकादायक वाहन चालवणं ठरलं. आपल्या राज्यात डिसेंबर २०२१ पासून दंडही वाढला. दुचाकीला १,००० रुपये, चारचाकीला २,००० रुपये. तीन वर्षांच्या आत पुन्हा सापडलं तर १०,००० रुपये. रस्ता शोधायला नकाशा लावायची मुभा २०२० च्या नियमांनी दिली आहे, पण चालवणाऱ्याचं लक्ष ढळणार नाही अशा बेतानेच. एवढी काळजी कशासाठी, हे साध्या हिशेबाने कळतं. ताशी ६० किलोमीटरच्या वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. कुणाचा फोन आहे हे बघायला तीन सेकंद गेले, तर ५० मीटर रस्ता आपण न बघताच ओलांडलेला असतो. तेवढ्यात एखादी उसाची बैलगाडी पुढे येते. एखादं लेकरू आईचा हात सोडून धावतं. कानात ब्लूटूथ असलं की हात मोकळे राहतात, पण मन बोलण्यातच गुंततं.

त्या सकाळपासून मात्र मी त्या आईचा विचार करते आहे. फोन काळजीपोटीच केला होता तिने. कायद्याचा हात फोनच्या एका टोकापर्यंत पोहोचतो. दुसरं टोक आपल्या स्वयंपाकघरात असतं, दुकानाच्या गल्ल्यावर असतं, ऑफिसच्या टेबलावर असतं. तिथे चलन करायला कुणी येत नाही. आपण उचलला नाही तर आई घाबरेल, शेठ रागावतील, गिऱ्हाईक जाईल, असं गाडीवरच्या माणसाला वाटतं, म्हणून तो चालत्या गाडीवर फोन उचलतो. त्याच्या घाईत थोडी आपलीही घाई मिसळलेली असते. म्हणजे त्याला जपणंही थोडं आपल्याच हातात आहे. मार्च २०२५ मध्ये मुंबई–पुणे मार्गावरच्या ई-शिवनेरी बसचा चालक गाडी चालवता चालवता मोबाईलवर क्रिकेटचा सामना बघत होता. मागे बसलेल्या एका प्रवाशाने त्याचा व्हिडिओ काढून वरपर्यंत पोहोचवला आणि त्या चालकाला कामावरून काढण्यात आलं. गाडीत पोलीस नव्हते. काळजी वाटणारा एक माणूस होता, म्हणून गोष्ट पुढे गेली. आपण कुणाच्या मागे बसलेले असू, तर “थांब ना जरा, कडेला घेऊन बोल,” एवढं तर सहज म्हणता येतं.

आज एक लहानशी सवय लावून बघू या. फोन लागला की पहिला प्रश्न हाच विचारायचा, “गाडीवर नाहीस ना?” उत्तर ‘आहे’ असं आलं, तर लगेच म्हणायचं, “ठेव मग, पोहोचल्यावर बोलू.” फोन उचललाच नाही, तर लागोपाठ पाच वेळा लावायचा नाही. आपलं माणूस नीट गाडी चालवतं आहे, असं समजून दहा मिनिटं धीर धरायचा. आपल्या आजीच्या काळी माणूस एसटीत बसून गावाला गेलं, की ‘सुखरूप पोहोचलो’ असं पोस्टकार्ड यायला दोन-चार दिवस लागत. तेवढे दिवस घरचे देवापुढे दिवा लावून वाट बघत. आपल्याला तर पाच-दहा मिनिटंच थांबायचं आहे. आणि स्वतः निघताना फोन डिकीत किंवा बॅगेत ठेवावा. फारच गरज पडली, तर गाडी कडेला घेऊन स्टँडला लावावी आणि मग बोलावं. त्या दिवशी तो तरुण आईला शेवटी म्हणाला, “आई, मी गाडीवर आहे. पोहोचलो की मीच करतो.” मग त्याने फोन बॅगेत टाकला, चेन लावली आणि मान सरळ ठेवून निघाला. मला वाटतं, घरी त्याच्या आईनेही फोन खाली ठेवला असेल, आणि तिचं मन थोडं निवांत झालं असेल.