अस्सल रंग

जुनी मोटारसायकल दुरुस्तीला काढणं आणि भाऊबंदकीचं जुनं भांडण उकरून काढणं, दोन्ही सारखंच. एक नट सैल करावा तर चार आठवणी खाली पडतात.

आमच्या शहागडच्या घरी, गोठ्याच्या कोपऱ्यात वडिलांची 1968 ची जावा कडब्याखाली पडून होती. म्हैसूरच्या कारखान्यातली. किकचा दांडा पुढे पाडला की त्याचाच गिअर होतो, ही तिची खुबी. एका दांड्यात दोन कामं! वडिलांसारख्या काटकसरी माणसाला शोभणारंच वाहन. तो कारखाना 1996 साली बंद पडला. गाडी मात्र कडबा पांघरून टिकली.

इंजिन महिन्याभरात बोलू लागलं. घोडं अडलं रंगापाशी. मी म्हटलं, रंग लावीन तर ओरिजिनलच! पण ओरिजिनल कुठला? आरसी बुकात नुसतं ‘मरून’. हे म्हणजे ‘आज जेवायला काय?’ या प्रश्नाला ‘भाजी’ असं उत्तर देण्यासारखं. आई म्हणाली, पिकल्या जांभळासारखा. काका म्हणाले, छे, डाळिंबी! धाकटा भाऊ शपथेवर म्हणाला, विटकरी. तिघांनी गाडी रोज पाहिलेली, तिघंही सज्जन. कोर्टात साक्षीदार का फुटतात, ते मला त्या दिवशी कळलं.

पेंटरचाचांनी निकाल दिला, “साहेब, माणसाला इचारू नका. गाडीला इचारा.”

त्यांनी सीट उतरवली. तिच्याखाली मडगार्डवर इतक्या वर्षांत ऊन पोचलेलं नव्हतं, आणि लाल रंगाचं नि उन्हाचं तर हाडवैर. तिथे दाट, काळसर मरून जसाच्या तसा होता. आई जिंकली! मग चाचांनी पॉलिश पेपर पाण्यात भिजवून टाकी घासायला घेतली आणि मध्येच थांबले. वरचा विटकरी थर उडालेला मरून नव्हताच. तो वेगळाच ऑइलपेंट होता, ब्रशने लावलेला. ब्रशचा एक केसही त्यात अडकून बसला होता.

आईने वाकून पाहिलं. “अगं बाई, हा तर आपल्या दाराचा रंग!”

1972 च्या दुष्काळात घरात दाण्याची भ्रांत. पुढच्या वर्षी टाकी गंजू लागली, तेव्हा वडिलांनी दाराला लावून उरलेला डबा घेतला आणि अंगणात बसून स्वतःच गाडी रंगवली. भाऊ त्यानंतर जन्मलेला. म्हणजे तोही खोटं बोलत नव्हता.

चाचा म्हणाले, “आता सांगा, कंपनीचा ओरिजिनल पाहिजे, का वडिलांचा?”

मिलिंद राजाला भिक्षू नागसेनाने विचारलं होतं, रथ म्हणजे चाक का? आस का? औरंगाबादच्या नागसेनवनात, मिलिंद महाविद्यालयात शिकूनही हा प्रश्न मी परीक्षेपुरताच सोडवला होता. आता तो पॉलिश पेपर घेऊन माझ्यासमोर उकिडवा बसला होता. कंपनीचा रंग खरा म्हणावा, तर तो पाच वर्षांचा. वडिलांचा रंग खरा म्हणावा, तर तो नाइलाजाचा. आपण ज्याला अस्सल म्हणतो, तो बहुधा बऱ्या दिवसांचा रंग असतो. हलाखीचे दिवस आपण आधी घासून काढतो आणि मग म्हणतो, मूळचं रूप परत आणलं!

“तुझ्या वडिलांना विचारलं असतं,” आई म्हणाली, “तर म्हणाले असते, पेट्रोल भर नि अंबडहून औषध घेऊन ये.”

शेवटी मडगार्डचा नमुना शहरात नेला. तिथल्या यंत्राने रंग मोजला, दुकानदाराने तो मिसळून दिला. ट्यूबलाइटखाली तंतोतंत जुळलेला रंग बाहेर उन्हात जरा परका वाटला. पण ते माणसांचंही होतं. गाडी आता मरून आहे, आई खूश आहे.

फक्त टाकीच्या पोटाला, खालच्या अंगाला, तळहाताएवढी जागा चाचांना घासू दिली नाही. तिथे दाराचा रंग आहे आणि तो केसही. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात परीक्षक वाकून पाहतील तर मार्क कापतील.

कापू देत. त्यांच्या घराला ते दार नव्हतं.